हलकी दुर्बीण

दोन हजार एकवीस साल. मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो आणि नायमेखन या डच शहरात मुलाच्या घरी अडकून पडलो होतो. आलो होतो तीन महिन्यांसाठी, बायकोचं वर्षश्राद्ध उरकून, आदल्या वर्षीच्या जानेवारीत. मार्चात विमानं बंद पडली. परत सुरू झाली तेव्हा मुलगा म्हणाला, गावी एकटे बसून काय करणार, राहा. राहिलो. घरात आम्ही तिघं, मुलगा, सून आणि मी. त्यांना मूल नाही.

माझं शिक्षण चौथी. पण तीस वर्षं घाटातून ट्रक चालवला आणि एकदाही गाडी कठड्याला लावली नाही, हे आधीच सांगून ठेवतो. इथे लिहिलंय ते मी बोलतो तसं. ऱ्हस्व-दीर्घ सुनेने सुधारलं. शब्दाला हात लावू दिला नाही.

आमच्या घरात पारध पहिल्यापासून. त्या काळी पीक राखायला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळायचा. हाकाऱ्यांनी रान उठवायचं आणि आपण डुकराच्या वाटेवर श्वास रोखून बसायचं. डोळा, हात आणि बार, मध्ये चौथी वस्तू नाही. दुर्बीण मी पाहिली ती फॉरेस्टच्या साहेबाच्या गळ्यात, आणि त्या साहेबाला समोरचा ससा दिसत नव्हता.

मुलगा शिकला, पुण्याला गेला, तिथून इकडे, चिपच्या कंपनीत. मला वाटलं पारध माझ्याबरोबर संपली. पण त्याच्या ऑफिसात एक डच मित्र होता, पक्का शिकारी. त्याच्या नादाने मुलाने इथली शिकारीची परीक्षा दिली. इथे त्यालाही परीक्षा असते, पुस्तकं असतात. पास झाला. तो डच माणूस दर वर्षी नॉर्वेच्या डोंगरात एलांड मारायला जायचा.

"एलांड म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"सांबर बघितलंय ना आबा? त्याचा आजोबा समजा. घोड्यापेक्षा उंच."

"आणि सरकार मारू देतं?"

"मोजून देतं. मित्राच्या गटाला परवाना आहे. मला नेणार आहेत."

मी त्याच दिवशी गावाला फोन लावले. चुलतभावाला, सरपंचाला, ट्रकवरच्या जुन्या क्लीनरला. सांगितलं, आमचा मुलगा नॉर्वेला शिकारीला चाललाय, घोड्यापेक्षा उंच जनावर आहे. सांगणारच. माझ्या जागी दुसऱ्या कोणी सांगितलं नसतं का?

पहिल्या वर्षी सीमा बंद, जाणं राहिलं. दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरचं पक्कं ठरलं. आणि त्याआधीच्या डिसेंबरात मुलाला कोरोना झाला. वरच्या खोलीत दार लावून पडला होता. सून ताट दाराशी ठेवायची आणि खाली येऊन हात धूत बसायची. मी जिन्याखाली खुर्ची टाकून त्याचा खोकला ऐकायचो. उठला त्यातून. पण खोकला गेला नाही, आणि जिना चढला की तो वरच्या पायरीवर हात टेकून उभा राहायचा. हाउसआर्ट्स, म्हणजे इथला घरचा डॉक्टर, फोनवर म्हणाला की कोरोनानंतर असं राहतं, वेळ लागेल.

मित्राने मोबाइलवर त्या डोंगराचे फोटो दाखवले होते. खाली काळं पाणी, त्यातून सरळ वर उठलेला कडा, वर बर्फाचे डाग. रस्ता नाही, गाडी नाही. खाणं, अंथरूण, बंदूक, सगळं पाठीवर घेऊन चढायचं. माझ्या मुलाला तो डोंगर चढायचा होता. मला तो चढलेला ऐकायचा होता. बाकी त्या वर्षात आम्हाला दोघांना काही हवं होतं असं आठवत नाही.

म्हणून त्याने ओझं कमी करायला घेतलं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक वस्तू ठेवायचा. बूट, सुरी, पाण्याची बाटली. सून म्हणायची, "माझी कणीक मोजायचा काटा आहे तो. बूट काय ठेवतोस त्यावर?" सगळ्यात जास्त घोळ दुर्बिणीवरून झाला. ती दिवसभर गळ्यात लटकणार, चढताना छातीवर आपटणार. तिथे जनावर समोरून येत नाही, समोरच्या डोंगरावर तासन्‌तास शोधावं लागतं. म्हणजे दुर्बीण नसेल तर गेल्याचा उपयोग नाही, आणि जड असेल तर वर पोचणार नाही.

दुकानं तेव्हा वेळ घेतल्याशिवाय आत घेत नव्हती. वेळ घेऊन आम्ही दोघं गेलो. दुकानदार उंच, सभ्य, काउंटरच्या पलीकडे काचेआड. त्याने दोन दुर्बिणी मांडल्या. मुलाने समजावलं, ही आठ बाय बत्तीस, म्हणजे आठपट जवळ दाखवते आणि पुढची काच बत्तीस मिलिमीटरची. ती दहा बाय बेचाळीस. पहिली मुठीत मावेल एवढी. दुसरी हातात घेतली की हाताला कळतं काही घेतलंय.

मी डोळ्याला लावली.

"काय दिसतं आबा?"

"धुकं."

"मास्कमधून श्वास वर जातोय, काच वाफ धरते. नाकावर दाबा तो."

"दाबला. आता धुकंही आहे आणि जीवही गुदमरतोय."

दुकानदार हसला असावा, मास्कमुळे कळलं नाही. मी श्वास कोंडून पाहिलं. रस्त्यापलीकडची खिडकी, खिडकीत मांजर, मांजराच्या मिश्या. दहाची खरी, मी म्हटलं. आठची खेळणं आहे. मोठी काच म्हणजे संध्याकाळचा उजेड जास्त आत येतो, आणि जनावर संध्याकाळीच बाहेर पडतं. हे मला कोणी शिकवायला नको.

"आबा, वजन बघा. दुप्पट आहे जवळजवळ."

"एक लोटाभर पाण्याचं वजन जास्त. लोटाभर पाणी उचलवत नाही तुला?"

त्याने दुर्बिणी परत ठेवल्या आणि आम्ही काही न घेता आलो.

मग मित्राने सुचवलं की चढावर नेऊन बघा. नायमेखनच्या बाहेर या सपाट देशातले थोडेफार डोंगर आहेत. आमच्याकडे त्याला टेकाड म्हणतील, पण चढ आहे. मित्राने स्वतःची दहाची आणली आणि बायकोची आठची. आम्ही तिघं अंतर ठेवून चढलो. तो मला "मेनेर" म्हणायचा, म्हणजे साहेब. मी त्याला काही म्हणायचो नाही, मान हलवायचो. मी पुढे होतो. त्र्याहत्तरावं असलं म्हणून काय झालं.

वरून मोठा मुलूख दिसतो. खाली हिरवी सपाटी, नदी, गाई, लांब जर्मनीची पवनचक्की. मुलगा मागून आला. तोंड पांढरं पडलेलं. त्याने दहाची डोळ्याला लावली आणि लगेच खाली घेतली.

"हलतंय सगळं. गाय नाचतेय."

मी घेतली. गाय खिळ्याने ठोकल्यासारखी उभी. "माझ्या हातात हलत नाही," मी म्हटलं. "तुझ्याच हातात का हलतं?"

मित्र इंग्रजीत काहीतरी बोलला. मुलाने सांगितलं, "तो म्हणतो, दहाची दुर्बीण चित्र दहापट मोठं करते तशी थरथरही दहापट करते. दम लागलेल्या माणसाला आठचीच बरी."

"मग दम कमी कर की. दुर्बीण कशाला कमी करतोस?"

मुलगा हसला, आणि हसता हसता त्याला खोकला लागला. लांबला तो. एका झाडाला धरून वाकून खोकत राहिला. मित्र नदीकडे बघत उभा राहिला. उतरताना मी सबंध वाट दहाचीच बाजू मांडली. म्हटलं, पारधीत हलकी वस्तू नेणारा हलक्या हाताने परत येतो. मुलगा "हो आबा, हो आबा" करत खाली बघून पाय टाकत होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सून स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती, पुण्याच्या बहिणीशी. मी बाहेरच्या खोलीत.

"अगं, दुर्बीण ठरली त्याची. गुरुवारी. हो, बारीकच असते. वाकते म्हणे, त्रास होत नाही."

मला राग आला. म्हणजे माझ्या माघारी हलकीच ठरवली. वाकते म्हणजे काय, तेही मी मनाशी लावून टाकलं. दुर्बिणीला मध्ये बिजागरी असते, दोन डोळ्यांच्या मापाला ती वाकवून घ्यावी लागते. दुकानदाराने दाखवलं होतं. आता कोणी म्हणेल, एवढं कसं कळलं नाही. आमच्या गावात निम्म्या लोकांचं पोट दुर्बिणीने तपासलंय. दुर्बिणीचं ऑपरेशन मला माहीत नाही असं नाही. पण ज्या घरात चार महिने दुर्बिणीशिवाय विषय नाही, तिथे दुर्बीण म्हटल्यावर माणसाला काय आठवणार?

जेवायला बसलो तेव्हा मी विषय काढला. "गुरुवारी दुर्बीण आहे म्हणे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सुनेचा हात भाताच्या डावावर थांबला.

"तुम्हाला कोणी सांगितलं आबा?" मुलगा म्हणाला.

"घर केवढं आहे तुझं? सगळं ऐकू येतं. बारीकच घेतलीस ना शेवटी?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "हो आबा. बारीकच."

"बारकीतून काही दिसायचं नाही. मी सांगून ठेवतो. दुर्बीण अशी पाहिजे की पार आतपर्यंत, झाडीत दडलेलं दिसलं पाहिजे."

"दडलेलंच शोधायचंय," मुलगा म्हणाला.

सून उठून नळाशी गेली. नळ बराच वेळ चालू राहिला. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा राग आला. आला तर आला.

तो गुरुवार यायच्या आधीच सून जेवताना म्हणाली, "दुर्बीण पुढे गेली. दोन आठवडे. त्यांच्याकडे माणसं नाहीत, कोविडमुळे."

"दुकान आहे की सरकारी कचेरी?" मी म्हटलं. "दे नंबर. मी बोलतो."

"काय बोलणार आबा, तेही डचमध्ये?"

"शिवी कुठल्याही भाषेत कळते."

मुलगा इतका हसला की त्याला पुन्हा खोकला लागला, आणि रुमाल तोंडाला लावून तो वर गेला. सून म्हणाली, "आबा, त्याला हसवू नका." मी म्हटलं, "घरात हसायलाही बंदी आली का?" ती म्हणाली, "काही दिवस आली असं समजा." पुण्याची आहे, तोंडाने कमी नाही. पण त्या दिवशी ती माझ्याकडे न बघता बोलली.

मे महिन्यातला बुधवार. संध्याकाळ, पण इकडे उन्हाळ्यात सूर्याला घरी जायची घाई नसते, लख्ख ऊन होतं. दारावर पार्सल आलं. मुलाच्या नावाचं. खोक्यावर दुर्बिणीचं चित्र. मी सही करून घेतलं, आत आणलं, आणि कोणाची वाट न बघता सुरीने उघडलं.

दहा बाय बेचाळीस. मोठी. जड.

मी ती हातात घेऊन उभा राहिलो. आमच्या घरात माझं शेवटचं कोणी कधी ऐकलं होतं मला आठवत नव्हतं. मी मोठ्याने हाक मारली. मुलगा जिन्यावरून सावकाश खाली आला. सून लॅपटॉप मिटून आली.

"एक दिवस आधीच आली बघ," मी म्हटलं. "आणि शहाणपणा केलास. दहाचीच घेतलीस. उद्या गुरुवार, उद्या येणार होती ना?"

मुलगा खुर्ची ओढून बसला.

"अरे बोल की. पटलं ना शेवटी?"

"पटलं आबा," मुलगा म्हणाला. "तुमच्यासाठीच मागवली. तुम्हाला आवडली होती."

"माझ्यासाठी? मी काय करू? डोंगर तू चढणार."

तेव्हा सून बोलली. "आबा, बसा. उद्याची दुर्बीण ही नाही."

"मग कुठली?"

"हॉस्पिटलातली. याच्या छातीत घालणार आहेत. नाकातून नळी घालून फुफ्फुस आतून बघतात, ती. डाव्या बाजूला गाठ दिसलीय. तुकडा काढून तपासायचाय."

मी बसलो नाही. हातातली दुर्बीण टेबलावर ठेवली. मग एकेक गोष्ट उलटी फिरून माझ्यासमोर आली. बारीक, वाकणारी, त्रास न होणारी. आणि ही जड का घेतली तेही कळलं. ज्याला चढायचं असतं तो हलकी घेतो. ज्याला कळलंय की आपल्याला चढायचं नाही, त्याला वजनाचं काय?

"कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"टेकडीवर गेलो त्याच्या आदल्या आठवड्यापासून," मुलगा म्हणाला. "तेव्हा नक्की नव्हतं. स्कॅनमध्ये सावली होती."

"आणि मला चढ चढायला लावलास? स्वतः चढलास?"

"बघायचं होतं चढवतं का."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार आबा? तुम्ही सगळ्या गावाला सांगून बसला होतात. रोज कोणीतरी फोन करून विचारत होतं, एलांड कधी मारणार. तुम्ही फोनवर किती खुशीत बोलायचात. मला वाटलं, असू दे, दुर्बिणीचं भांडण आहे तोवर हे खूश आहेत."

"मी खूश बिश नव्हतो. भांडत होतो."

"तेच की," सून म्हणाली. "तुम्ही भांडत असता तेव्हा खूश असता. आणि गेला महिनाभर मी दोघांच्या मध्ये बसून भात वाढतेय, ह्याला हसू नको म्हणतेय आणि तुम्हाला बोलू नका म्हणतेय. मला कोणी विचारलं का?" तिचा आवाज चढला नव्हता. ती खुर्चीत बसली आणि तिने खोक्यातले कागद नीट घडी घालायला सुरुवात केली.

मी मुलालाच विचारलं, "नळी केवढी असते?"

"पेन्सिलीपेक्षा बारीक."

"तिच्या टोकाला दिवा असेल."

"दिवा असतो, कॅमेरा असतो."

"दिसतं नीट? आठ बाय की दहा बाय?"

"ते डॉक्टरला विचारतो," मुलगा म्हणाला, आणि या वेळी हसला नाही. मीही हसवायला विचारलं नव्हतं. मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं की ते जे बघणार ते नीट बघतील का. माझ्या मुलाच्या आत बघताना हात हलणार नाही ना कोणाचा.

माझा मुलगा पुढच्या वर्षी वारला. तो भाग मी इथे लिहिणार नाही, पण वाचणाऱ्याला लटकत ठेवणं मला आवडत नाही, म्हणून सांगितलं. त्या संध्याकाळी आम्हाला ते माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी नुसती गाठ होती, आणि गाठ कसलीही असू शकते, असं सून दोन-तीनदा म्हणाली. मुलाने मित्राला फोन केला. नॉर्वेच्या गटातून माझं नाव गाळून टाक म्हणाला. मित्र काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण बोलणं लवकर संपलं. माझा मोबाइल वाजला, गावाहून चुलतभाऊ. मी उचलला नाही. सून म्हणाली, "उद्या सकाळी आठला निघायचंय. सोबत एकालाच येऊ देतात. मी जाते. तुम्ही घरी थांबा आबा, मी फोन करते." मी बरं म्हटलं.

सकाळी मी त्या दोघांच्या आधी उठलो. अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, वर मुलाने घेऊन दिलेला जाड कोट. मेमध्येही इथे सकाळी गारठा असतो. किल्ली हुकाला लटकत होती. गाडी उघडली, मागच्या सीटवर बसलो, पट्टा लावला, मास्क लावला.

दोघं बाहेर आली तेव्हा सुनेने काचेतून पाहिलं आणि दार उघडलं. "आबा, काल बोललो ना आपण. एकालाच आत सोडतात."

"मी आत कुठे येतोय? गाडीत बसतोय."

"तिथे दोन-तीन तास लागतील. थंडी आहे."

"मी घाटात ट्रक बंद पडला तेव्हा दोन रात्री केबिनमध्ये काढल्यात."

तिने मुलाकडे पाहिलं. मुलगा पुढे बसत म्हणाला, "चल. ते उतरणार नाहीत." सगळ्या वाटेत पाठीमागून मला त्याची मान दिसत होती, कॉलर सैल झाली होती. तो श्वास घेताना खांदे वर यायचे, तेवढं बघत मी बसलो.

हॉस्पिटलच्या दारात सुनेने गाडी थांबवली. मुलगा उतरला, वाकून खिडकीतून म्हणाला, "येतो आबा." मी मान हलवली. ती गाडी लावून आली आणि दोघं आत गेली. मी गाडीत थोडा वेळ बसलो. मग पट्टा सोडला, उतरलो आणि जाऊन त्या काचेच्या दाराजवळ, सायकली लावतात त्या दांडीला पाठ टेकून उभा राहिलो. पिवळं जाकीट घातलेला एक माणूस आला आणि डचमध्ये काहीतरी म्हणाला, हाताने लांब व्हा अशी खूण केली. मी त्याला मराठीत सांगितलं, माझा मुलगा आत आहे. त्याने पुन्हा सांगितलं. मीही पुन्हा तेच सांगितलं. मग तो गेला, आणि मी तिथेच उभा राहिलो.